इद्रा : कोरड्या बेटाचे आरमार

हिरोडोटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या ग्रंथात इद्राचा उल्लेख येतो तो अगदी ओझरता. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात समोस बेटावरून परागंदा झालेले काही लोक पेलोपोनीसच्या किनाऱ्याकडे आले. हर्मिओनीच्या रहिवाशांनी पैशांऐवजी त्यांना हे बेट देऊन टाकले. त्यांनीही ते त्रोइझेनच्या लोकांच्या हवाली केले आणि क्रीटची वाट धरली. ज्याच्या पदरी पडले त्यालाही जवळ ठेवावेसे वाटू नये, असे हे बेट. नाव पाण्यावरून पडलेले, आणि गोड्या पाण्याची मात्र कायमची वानवा. सुमारे ५० चौरस किलोमीटरचा हा खडक. शेती म्हणावी अशी शेती त्यावर होत नाही.

म्हणूनच पिरेअसहून निघालेली बोट बंदरात शिरते तेव्हा समोर दिसणाऱ्या वाड्यांचा उलगडा चटकन होत नाही. अर्धवर्तुळाकार बंदर, त्याभोवती रंगमंडपासारखी चढत गेलेली पांढरी घरे, आणि त्यांच्यामधून डोके वर काढणारे हे चौकोनी, जाड भिंतींचे, एखाद्या गढीसारखे दगडी वाडे. बेटावर मोटारींना बंदी आहे. कचरा वाहणाऱ्या आणि तशाच मोजक्या गाड्या सोडल्या तर सारे ओझे खेचरांच्या पाठीवरून जाते. लाझारोस कुंदुरिओतिस यांचा पिवळसर वाडा गाठायला आम्हांला पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागल्या. तिथे आता राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा आहे. तोम्बाझिस घराण्याचा वाडा अथेन्सच्या ललितकला विद्यालयाकडे आहे. पीक नाही, खाण नाही, पाणी नाही. मग एवढा दगड रचायला पैसा आला कुठून?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘समुद्रातून’ असे दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पेलोपोनीसमधल्या धामधुमीतून निसटून इथे वसलेले लोक बहुतांशी अर्वानित होते. घरात ते ग्रीक नव्हे, तर अल्बेनियन भाषेचीच एक बोली बोलत. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातले अनेक सागरी वीर घरी ग्रीक बोलत नव्हते, ही गोष्ट राष्ट्र आणि भाषा यांची सरसकट सांगड घालणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आरंभी ही माणसे लहान होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने व्यापार करीत. १७७४ मध्ये रशिया आणि तुर्की साम्राज्य यांच्यात क्युचुक कायनार्जाचा तह झाला आणि काळा समुद्र रशियन निशाणाच्या गलबतांना खुला झाला. इद्राच्या कप्तानांनी ते निशाण डोलकाठीवर चढवले. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्रजी आरमाराने फ्रेंच बंदरांची कोंडी केली. दक्षिण रशियातला गहू तिकडे पोहोचवणाऱ्याला मागेल तो भाव मिळू लागला. इद्राची चपळ गलबते ही कोंडी फोडून धान्य नेत. अँड्रेआस मियाउलिस हा पुढे ग्रीक आरमाराचा सेनापती झाला. त्याची संपत्ती याच धंद्यातली. तो एकदा नेल्सनच्या हाती सापडला. “माझ्या जागी तू असतास तर काय केले असतेस?” या प्रश्नावर “तुला फाशी दिले असते” असे उत्तर देऊन तो सुटला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, तिच्यात त्या धंद्याची जोखीम नेमकी उतरली आहे.

आम्हांला मात्र या पैशाहून त्याची वाटणी अधिक महत्त्वाची वाटते. गलबतावरच्या खलाशाला पगार नसे. जहाजाचा मालक, मालासाठी भांडवल घालणारे आणि खलाशी हे तिघेही फेरीचे भागीदार. खर्च वजा जाऊन उरलेला नफा ठरलेल्या हिश्शांनी वाटला जाई आणि अगदी पोरसवद्या खलाशालाही त्यातला आपला अंश मिळे. साहजिकच माल कुठल्या बंदरात न्यावा, तुफानात शिरावे की थांबावे, यांत जो तो आपले मत देई. कप्तान हा पुष्कळदा नात्यातलाच. ही शिस्त आरमाराची नव्हे, भाऊबंदकीची होती. प्रेमासकट आणि भांडणासकट.

१८१५ मध्ये युरोपात शांतता झाली आणि इद्राचे दिवस फिरले. कोंडी उठली, गव्हाचा भाव उतरला, गलबते धक्क्याला लागली. मालकांनी साठवलेले सोने वाड्यांच्या तळघरांत होते. खलाशाचा हिस्सा मात्र शून्याचा हिस्सा झाला. नफ्यातल्या भागीदारीचा हा दुसरा चेहरा. १८२१ च्या वसंतात पेलोपोनीसमध्ये उठाव झाला तेव्हा इद्राचे श्रीमंत कप्तान कचरले, ते उगीच नव्हे. सुलतानाने त्यांना बव्हंशी स्वायत्त ठेवले होते. बदल्यात कर आणि शाही आरमारासाठी काही खलाशी एवढेच द्यावे लागे. गमावण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते. शेजारचे स्पेत्सेस बेट उठले, प्सारा उठले, तरी इद्राचे पुढारी थांबून होते.

कोंडी फोडली ती अँतोनिस इकोनोमू या आपले जहाज गमावून बसलेल्या कप्तानाने. फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेचा तो सभासद होता. मार्चच्या अखेरीस त्याने बेकार खलाशांना गोळा केले, बेटाचा कारभार हाती घेतला आणि धनिकांना युद्धासाठी थैल्या सोडायला लावल्या. एप्रिलमध्ये इद्राने उठावाची रीतसर घोषणा केली. मे महिन्यात त्याच धनिकांनी त्याला सत्तेवरून खाली खेचले आणि डिसेंबरमध्ये आर्गोसजवळ त्याची हत्या झाली. सगळे मिळून नऊ महिन्यांचे हे नाट्य. लाझारोस कुंदुरिओतिस यांनी पुढे आपल्या संपत्तीचा फार मोठा वाटा युद्धात ओतला, त्यांचे बंधू येऑर्यिओस क्रांतिकाळातील सरकारचे अध्यक्ष झाले. त्यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पण वाडे दगडाचे असतात, म्हणून टिकतात. ज्यांनी या वाड्यांच्या दारांवर धडका दिल्या त्यांचे अवशेष पाहायला पायऱ्या चढून कुठे जायचे?

युद्धातील लढायांचा तपशील इतरत्र विपुल मिळतो. जुन्या नौकांत दारू आणि डांबर भरून त्या शत्रूच्या मोठ्या जहाजांना भिडवायच्या, हे ग्रीकांचे मुख्य हत्यार. कासोस आणि प्सारा ही दोन सागरी बेटे १८२४ च्या उन्हाळ्यात बेचिराख झाली. त्याच वर्षी गेरोंतासजवळ मियाउलिसने तुर्की-इजिप्शियन आरमाराला रोखले. पण महिनाभराचा पगार आगाऊ मिळाल्याखेरीज खलाशी निघत नसत आणि मुदत संपली की घरी परतत. इतिहासकार याला बेशिस्त म्हणत आले आहेत. आम्हांला त्यात ती जुनी वाटणीच दिसते. ज्याने आयुष्यभर हिस्सा मोजून घेतला, त्याला नफ्याची आशा नसलेल्या फेरीत ‘राष्ट्र’ नावाचा नवा मालक एकदम कसा मानवावा?

हा प्रश्न चिघळून पोरोसला फुटला. स्वातंत्र्यानंतर इद्राने बुडालेल्या जहाजांची आणि खर्चाची भरपाई मागितली. राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांच्या रित्या तिजोरीतून ती मिळणे शक्य नव्हते. शिवाय त्यांचा एकतंत्री कारभार या बेटाच्या स्वभावाविरुद्ध होता. १८२४ ते १८२७ या काळात ‘फिलोस तू नोमू’, म्हणजे ‘कायद्याचा मित्र’, हे वृत्तपत्र जिथून निघाले, त्याच इद्रावरून १८३१ मध्ये पोलिझोइदिस यांचे ‘अपोलो’ सरकारवर तुटून पडू लागले. पोरोसच्या बंदरात सरकारी आरमार नांगरलेले होते. त्यात ‘हेल्लास’ ही न्यूयॉर्कला बांधलेली, लंडनच्या कर्जातून आणलेली भव्य फ्रिगेट होती. ते आरमार इद्राविरुद्ध वापरले जाणार, या भीतीने मियाउलिसने ते ताब्यात घेतले. कापोदिस्त्रियास यांच्या बाजूने रशियन आरमाराने वेढा घातला, तेव्हा शरण न जाता १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने ‘हेल्लास’ आणि ‘इद्रा’ नावाचीच एक कॉर्व्हेट सुरुंगाने उडवून दिली. शत्रूची जहाजे जाळण्यात हयात गेलेल्या माणसाने आपल्याच देशाचे सर्वांत मोठे जहाज राख केले. दोन महिन्यांच्या आत नाफ्लिओ येथे कापोदिस्त्रियास यांचा खून झाला. मारेकरी इद्राचे नव्हते, मानीच्या मावरोमिखालिस घराण्यातले होते.

पिरेअसहून इद्राकडे जाणाऱ्या बोटी वाटेत पोरोसला थांबतात. प्रवासी चढतात, उतरतात. इद्राच्या संग्रहालयात मियाउलिसचे हृदय एका करंड्यात जपलेले आहे, आणि दर जूनमध्ये ‘मियाउलिया’ या उत्सवात बंदरात एक नौका जाळतात; ती अर्थात शत्रूची असते.

पुढची हकीकत उताराची. व्यापार सिरोसकडे आणि पिरेअसकडे गेला, वाफेच्या जहाजांनी शिडांचा निकाल लावला. उरले ते स्पंज काढण्यासाठी समुद्रतळाशी जाणारे पाणबुडे. पाणबुड्याचा पोशाख आल्यावर त्यांतले कित्येक पांगळे झाले. विसाव्या शतकात या रिकाम्या बंदरात लेखक-कलावंत आले. १९३९ मध्ये हेन्री मिलर चित्रकार गिकास यांच्या घरी राहून गेला. लेनर्ड कोहेनने १९६० मध्ये इथे घर घेतले. त्यांना भावलेली ती प्रसिद्ध निःशब्दता मुळात धंदा बसलेल्या गावाची होती.

चार्मियन क्लिफ्ट आणि जॉर्ज जॉन्स्टन हे ऑस्ट्रेलियन दांपत्य मात्र इथे १९५५ ते १९६४ एवढा दीर्घ काळ मुलांबाळांसह राहिले. त्याआधी ते कालिम्नोस या स्पंजवाल्यांच्या बेटावर होते. तिथल्या पाणबुड्यांवर आणि त्यांच्या घरच्या बायकांवर क्लिफ्टने ‘मर्मेड सिंगिंग’ (१९५६) लिहिले, आणि इद्रावर ‘पील मी अ लोटस’ (१९५९). एकाच लेखिकेची ही दोन पुस्तके ओळीने वाचावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. पहिल्यात बेटाचे पोट समुद्रावर भरते. दुसऱ्यात ते परक्यांच्या येण्यावर भरू लागले आहे, आणि ते लिहिणारी बाई स्वतः त्या परक्यांपैकीच एक आहे.