पानसुपारीच्या खर्चातले लग्न आणि जोशाचा हक्क

२५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात एक लग्न लागले. वराचे नाव सीताराम जबाजी आल्हाट, वधूचे राधा. राधेची आई बजूबाई ग्यानोबा निंबणकर ही सावित्रीबाई फुले यांची मैत्रीण. या लग्नाला भटजी नव्हता, हुंडा नव्हता, पंगतींचा थाट नव्हता. खर्च झाला तो पानसुपारीपुरता, आणि तोही सावित्रीबाईंनी स्वतःच्या पदरचा केला. सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन त्या दिवशी तीन महिने आणि एक दिवस झाला होता. समाजाच्या पद्धतीने लागलेले हे पहिले लग्न.

आज ही घटना वाचताना एक प्रश्न हमखास पडतो. साधे लग्न करायचे होते तर करावे. त्यासाठी संस्था, सभासद, छापील विधी आणि पुढे कोर्टकचेरी एवढे सगळे कशाला लागले? ऐपत नाही म्हणून खर्च कमी केला, यात बंड कसले?

याचे उत्तर त्या काळच्या लग्नाच्या हिशेबात आहे.

एकोणिसाव्या शतकातील देशावरच्या खेड्यात लग्नाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी बाजारातून येतच नसत. मांडव आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा. त्याच्या मेढी रोवायला आणि वर टहाळे टाकायला भावकी हजर. हळद जात्यावर दळायची, ती दळताना बायका ओव्या गाणार. बोहल्याभोवतीच्या उतरंडी कुंभाराने आणून द्यायच्या, पायघड्या परटाने घालायच्या, पत्रावळी गुरवाने पुरवायच्या. वऱ्हाडाला बैलगाड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. जेवणाचे धान्य घरच्या कणगीतले, नाहीतर उसनवारीचे. आलेल्या आहेराची नोंद ठेवायची आणि आहेर करणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तो तेवढाच फेडायचा. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला बजेट म्हणतात त्याचा मोठा भाग रोख रकमेत नसेच. तो देण्याघेण्यात, शिध्यात, खणात, खोबऱ्यात आणि माणसांच्या राबण्यात विभागलेला असे.

या व्यवस्थेला नुसते गोड मानायचे कारण नाही. कोणी कुठे उभे राहायचे, कोणाला वाढायचे आणि कोणाला बाहेर बसवून टाकायचे, हे याच व्यवस्थेने ठरवून दिले होते. महार-मांगांची कामे लग्नाला हवीत, पण त्यांची पंगत नको, असा तो न्याय. तरी एवढे खरे की कुंभाराला जे मिळे ते मडक्यांच्या बदल्यात आणि परटाला जे मिळे ते पायघड्यांच्या बदल्यात.

ग्रामजोशाचे प्रकरण मात्र थोडे निराळे होते. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न लावणे हे त्याचे काम. त्याची दक्षिणा हा त्याचा मोबदला. पण हे काम म्हणजे वतन होते. पाटीलकी किंवा कुलकर्ण्याच्या दप्तराप्रमाणे ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत त्याच्या वाटण्या होत. आणि वतन म्हटले की हक्क आला. एखाद्या यजमानाने गावच्या जोशाला वगळून दुसऱ्याच पुरोहिताकडून लग्न लावून घेतले, तर बुडालेल्या दक्षिणेची भरपाई मागायला गावचा जोशी दिवाणी कोर्टात जाऊ शकत असे. इंग्रजी अमदानीत हा हक्क गेला असेल अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो अधिक पक्का झाला. पूर्वी ज्या तक्रारीचा निवाडा पंचांसमोर किंवा सरकारदरबारी होई, ती आता फिर्याद, समन्स आणि हुकूमनामा या मार्गाने चालू लागली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानेही अशा दाव्यांत वतनदार जोशांचा हक्क उचलून धरला.

तेव्हा भटजीला न बोलावल्याने दक्षिणा वाचते, हे गणित इतके सरळ नव्हते. न बोलावलेल्या माणसाचेही देणे डोक्यावर राहू शकत होते.

याच काळात लग्नखर्चावर सरकारी पातळीवरही चर्चा चालू होती. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांच्या वह्या आणि खते जाळली गेली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत त्याचे लोण पसरले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जाते. शेतकरी कर्जात का बुडाला, यावर त्या वेळी अनेक अंमलदारांचे आणि शहरी विद्वानांचे एक आवडते उत्तर होते: लग्नात उधळपट्टी करतो म्हणून. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र ते उत्तर जसेच्या तसे स्वीकारले नाही. लग्नावरचा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त असला, तरी असे प्रसंग आयुष्यात थोडे येतात. कर्जाचे कारण म्हणून त्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा आयोगाचा कल होता. गरिबाच्या घरच्या एका मांडवाकडे बोट दाखवणे सोपे होते. शेतसाऱ्याचा बोजा आणि सावकाराच्या व्याजाचा चढता हिशेब यांकडे पाहणे सरकारला तेवढे सोयीचे नव्हते.

जोतीराव फुले यांचे म्हणणे या दोहोंपेक्षा वेगळ्या ठिकाणी होते. १८८३ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही श्राद्धपक्षाच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातून दक्षिणा कशी निघत राहते, याची लांबलचक जंत्री त्यांनी दिली आहे. लग्न हा त्या साखळीतला एक दुवा. शेतकऱ्याने आनंद करू नये, असे त्यांना सांगायचे नव्हते. आनंदाच्या प्रसंगी त्याच्या खिशात दुसऱ्याचा हात कोणत्या अधिकाराने जातो, हा त्यांचा सवाल होता. सत्यशोधक लग्नाकडे केवळ काटकसरीची मोहीम म्हणून पाहिले की हा सवाल निसटतो. दुर्दैवाने आजच्या पुष्कळ लेखांत तसेच होते.

मग नोंदणी विवाह का केला नाही, असेही कोणी विचारील. १८७२ चा विशेष विवाह कायदा तेव्हा अस्तित्वात आला होता. परंतु त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानत नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. सत्यशोधकांची भूमिका नास्तिकाची नव्हती. ‘निर्मिक’ या नावाने ते एका निर्मात्याला मानत. नको होता तो निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल. शिवाय खेड्यातल्या माळी-कुणब्याला लग्न म्हणजे चार माणसांसमोर, मंगलाष्टके म्हणून, हार घालून झालेले हवे होते. सरकारी कचेरीतला कागद त्याची जागा घेणार नव्हता.

म्हणून त्यांनी विधी टाकून न देता नवा विधी रचला. जून १८८७ मध्ये ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधी’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील मंगलाष्टके मराठीत आहेत. एवढ्यानेच मांडवातले चित्र किती पालटले असेल, याची कल्पना करून पाहावी. संस्कृत मंत्र चालू असताना ज्यांच्यासाठी तो खटाटोप चालला आहे त्या दोघांना त्यातले अक्षर कळत नसे. वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकायची वेळ कधी येते याची वाट पाहत. नव्या पद्धतीत वर आणि वधू स्वतःच्या तोंडाने एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा विषय काढते आणि वर त्या हक्कांसाठी झटण्याचे वचन देतो. लग्नाच्या भर सभेत नवरीने अटी घालाव्यात आणि नवऱ्याने त्या कबूल कराव्यात, हा १८८७ सालचा मजकूर आहे. या विधीची शोभा तिथे होती, आणि तिला एक पैचा खर्च नव्हता.

विरोध अर्थातच झाला. ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचे लग्न याच पद्धतीने लागले. अशा लग्नांच्या वेळी नातेवाइकांच्या मनात भीती घालणे, मंत्रांवाचून लागलेले लग्न अशुभ ठरेल असे सांगणे, भावकीतून वाळीत पडण्याचा धाक दाखवणे हे नेहमीचे उपाय असत. कमी खर्चाच्या लग्नातला सर्वांत जड भार हाच होता. रुपये वाचत, पण सोयरीक तुटण्याची जोखीम पदरात पडे. आणि पुढच्या बहिणीचे लग्न जमेल की नाही, ही चिंता कोणत्याही दक्षिणेपेक्षा मोठी होती.

खरी कायदेशीर झुंज जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला झाली. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी गावच्या जोशांना न बोलावता घरचे लग्नकार्य उरकले. जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. आधीच्या खटल्यांत बहुधा असे असे की यजमानाने एका पुरोहिताऐवजी दुसरा आणला. तेव्हा गावच्या जोशाचे काम परक्याने केले, असे म्हणता येई. ओतूरला दुसरा पुरोहित कोणी नव्हताच. जातीतल्या माणसांनी आपले आपण लग्न लावले होते. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९० मध्ये बाळाजी पाटलांच्या बाजूने निकाल लागला. ज्याची सेवा घेतलीच नाही, त्याच्या दक्षिणेचे देणेही लागत नाही, हे तत्त्व सत्यशोधकांनी अशा रीतीने कोर्टाकडून मिळवले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव वारले.

त्याआधी, पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडलेले असताना, त्यांनी आपल्या घरातले एक लग्न पाहिले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक मुलगा यशवंत याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. त्याच्या जन्माच्या कहाणीमुळे त्याला मुलगी द्यायला सहजी कोणी तयार होत नव्हते. हडपसरच्या ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. १८७४ च्या लग्नाच्या हकिकतीत वर म्हणून येणारे हे नाव पंधरा वर्षांनी वधूपित्याच्या जागी भेटते. सावित्रीबाईंनी सुनेला लग्नाआधीच काही दिवस घरी आणून ठेवले, दोघांची ओळख व्हावी म्हणून. वधूवरांनी एकमेकांचे तोंड अंतरपाट दूर झाल्यावरच पाहायचे, अशा काळातली ही गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सत्यशोधक लग्ने पुणे-मुंबईपुरती राहिली नाहीत. कोल्हापूर, सातारा, नगर, नाशिक, विदर्भ अशा भागांत जलसे आणि व्याख्याने जिथे पोचली तिथे ती लागू लागली. काही ठिकाणी भटजी गेला तरी मानपान आणि जेवणावळी तशाच राहिल्या, हेही नमूद करायला हवे. जोशाची दक्षिणा नाकारणे आणि व्याह्यांचा मान नाकारणे ही दोन भिन्न कामे होती. दुसऱ्या कामात सत्यशोधकांनाही पहिल्याइतके यश आले नाही. वतनदाराशी भांडायला कोर्ट होते. मामेसासऱ्याच्या फेट्यावरून होणाऱ्या रुसव्याफुगव्यांशी भांडायला कोणते कोर्ट असणार?

ओतूरच्या निकालानंतरही वतनी हक्क समूळ गेला नव्हता. दुसरा पुरोहित बोलावणाऱ्या यजमानाला फिर्यादीचे भय होतेच. ते संपायला १९२६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबई इलाख्यात झालेल्या कायद्याने, न बोलावलेल्या पुरोहिताला धार्मिक विधीच्या दक्षिणेसाठी यजमानावर दावा लावता येणार नाही, असे ठरवले. सीताराम आणि राधा यांच्या लग्नाला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.