अवकाळी आभाळ आणि वेधशाळेचा शब्द

वेधशाळेचें भाकीत चुकलें म्हणजे तिला हसावें, आणि बरोबर आलें म्हणजे त्यांत विशेष तें काय, म्हणून विसरून जावें, अशी आपल्याकडील सुशिक्षित वर्गाची जुनी चाल आहे. 'आज पाऊस सांगितला आहे ना, मग छत्री घरींच ठेवा' हा विनोद आमच्या वडिलांच्या पिढीनें केला, आम्हीं केला आणि आमचीं मुलेंहि करितात. ज्याचें नुकसान फार तर भिजलेल्या कपड्यांपुरतें असतें त्यानें असा विनोद खुशाल करावा. परंतु येवल्यासारख्या ठिकाणीं मार्गशीर्ष-पौषांत आभाळ भरून आलें म्हणजे तो कोणास सुचत नाहीं.

येवल्याची ओळख वाचकांस करून द्यावयास पाहिजे असें नाहीं. पैठणी विणणाऱ्यांचें हें गांव. तात्या टोपे यांचें हें जन्मस्थान. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली तीहि येथेंच. पण इतिहास या गांवाशीं जितका उदार तितका भूगोल नाहीं. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत हा तालुका पडतो. त्याच जिल्ह्यांत घाटमाथ्यावर इगतपुरीस जो पाऊस कोसळतो त्याचा लहानसा अंश येथपर्यंत पोंचतो, आणि पालखेडच्या डाव्या कालव्यास पाणी केव्हां सुटेल याकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. अशा ठिकाणीं पाऊस केव्हांहि आला तरी देणगीच वाटावी. परंतु हिवाळ्यांत तोच शत्रु होतो. त्या दिवसांत लाल कांदा काढणीस आलेला किंवा काढून शेतांत पडलेला असतो, उन्हाळ कांद्याचें रोप वाफ्यांत असतें किंवा नुकतेंच लावलेलें असतें, आणि शेजारच्या निफाड तालुक्यांत द्राक्षांचे घड भरूं लागलेले असतात. एका रात्रीच्या पावसानें कांदा सडतो, रोपावर करपा पडतो. गारा आल्या तर द्राक्षबागेचें वर्षच संपतें.

आभाळ पाहण्याचा येथील लोकांस नादहि आहे. संक्रांतीस भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारें येवलें गच्चीवर असतें; आसारीवर मांजा गुंडाळणाऱ्या पोरासहि वारा फिरला हें पतंग उचलतांच कळतें. अलीकडे या नादास यंत्राची जोड मिळाली आहे. उपग्रहानें टिपलेलें ढगांचें चित्र खिशांतल्या मोबाइलवर येतें. युरोपच्या केंद्राचें गणित काय म्हणतें, अमेरिकेचें काय म्हणतें आणि आपल्या खात्याचें काय, याची तुलना करीत बसलेले शेतकरी आणि शाळामास्तर आम्हीं पाहिले आहेत. एकाच्या मतें बुधवारचा पाऊस पंचवीस कोसांवरून निघून जाणार. दुसऱ्याच्या मतें तो नेमका आपल्या डोक्यावर. आणि हा वाद पाऊस येऊन जाईपर्यंत, किंवा न येतां ऊन पडेपर्यंत, चालतो. यास कोणी चेष्टेचा विषय समजूं नये. जें निश्चित सांगतां येत नाहीं त्याच्या आधारें व्यवहार कसा करावा, हा जो प्रश्न या मंडळींपुढें आहे तोच गेलीं दीडशें वर्षें वेधशाळेपुढेंहि आहे.

प्रथम शब्दच पहा. आपण या पावसास 'अवकाळी' म्हणतों. पंचांगांतील पावसाचीं नक्षत्रें मृगाच्या सुमारास सुरू होतात आणि स्वातीपाशीं संपतात. प्रत्येकास बेडूक, म्हैस, गाढव, मोर असें एकेक वाहन दिलेलें असतें. स्वातीनंतर पावसास वाहनच नाहीं. त्यापुढें जो येईल तो काळाच्या बाहेरचा, बिनबोलावलेला. म्हणजे या शब्दाच्या पोटांत असें गृहीत आहे कीं, पावसास एक नेमलेला काळ आहे आणि तो ढळत नाहीं. हें गृहीत पुढें आपणांस उपयोगीं पडेल.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें मात्र हिवाळ्याच्या आभाळाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. 'बृहत्संहितें'तील गर्भलक्षणाच्या अध्यायांत तो सांगतो कीं, पावसाळ्यांत जो मेघ वर्षतो त्याचा गर्भ हिवाळ्यांत धरलेला असतो आणि १९५ दिवसांनीं त्याचा प्रसव होतो. गर्भकाळीं अकारण अतिवृष्टि झाली तर तो गर्भ नष्ट होतो. जो दैवज्ञ रात्रंदिवस सावध राहून हीं लक्षणें पाहील त्याची वाणी मुनीच्या वाणीप्रमाणें खोटी ठरणार नाहीं, असें आश्वासनहि त्यानें देऊन ठेविलें आहे. १९५ हा आंकडा आज कोणी मान्य करणार नाहीं, आणि तें आश्वासन तर मुळींच नाहीं. पण हिवाळ्याच्या आभाळाचा पुढील पावसाशीं संबंध असावा ही कल्पना, आणि रोज पाहावें, रोज टिपावें हा आग्रह, या दोन गोष्टी तेराशें वर्षांनीं अगदीं निराळ्या वाटेनें पुन्हां पुढें आल्या.

टिपण्याचें काम आपल्याकडे मुंबईस लवकर सुरू झालें. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरु केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तारुण्याचीं आरंभींचीं वर्षें तेथेंच काढलीं. परंतु सबंध देशाकरितां एक खातें असावें ही बुद्धि सरकारास संकटांनींच दिली. ऑक्टोबर १८६४ मध्यें कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झालें. १८६६ मध्यें ओरिसांत दुष्काळ पडला. आणि १५ जानेवारी १८७५ रोजीं हवामानखातें स्थापन झालें. (येवल्यांत हल्लीं हा दिवस बहुधा करीचा, पतंगाचा असतो, योगायोग म्हणून नोंदवितों.) खात्याचे पहिले मुख्य हेन्री ब्लॅनफर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. खातें स्थापून दोन वर्षें होत नाहींत तोंच दख्खनचा १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. हिमालयावर हिवाळ्यांत फार बर्फ पडलें कीं पुढील पाऊस उणा येतो असें ब्लॅनफर्ड यांनीं ताडलें, १८८४ मध्यें तें प्रसिद्ध केलें, आणि ४ जून १८८६ रोजीं या देशांतील मोसमी पावसाचें पहिलें रीतसर भाकीत बाहेर पडलें. हें बर्फ टाकणारीं वादळें भूमध्य समुद्राच्या बाजूनें इराण-अफगाणिस्तानावरून हिवाळ्यांत येतात. त्यांसच आपलीं वर्तमानपत्रें 'पश्चिमी झंझावात' म्हणतात, आणि त्यांचेंच शेंपूट कधीं कधीं दक्षिणेस लांबून नाशिक-खानदेशावर फिरतें. सारांश, येवल्याचा कांदा भिजविणारें वादळ आणि आपल्या भाकितशास्त्राचा पहिला आधार हीं एकाच कुळांतलीं होत.

ब्लॅनफर्डनंतर जॉन एलियट आले. मनुष्य अत्यंत कष्टाळू. हिमालयाच्या बर्फावर न थांबतां त्यांनीं ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागर येथपर्यंतचीं निरीक्षणें जमविलीं, आणि त्यांचीं भाकितें वर्षानुवर्ष लांब आणि तपशीलवार होत गेलीं. तपशील वाढला कीं खात्री वाढली असें वाचणाऱ्यास वाटतें. लिहिणाऱ्यासहि वाटूं लागतें. १८९९ सालीं त्यांनीं चांगल्या पावसाचें भाकीत केलें आणि त्याच वर्षीं संवत् १९५६ चा तो महादुष्काळ पडला, ज्याची आठवण गुजराथ-खानदेशांतील घराघरांत कित्येक पिढ्या राहिली. टीकेचा भडिमार झाला. त्यावर सरकारनें काय करावें? भाकितांतील अनिश्चितता लोकांस समजावून सांगावयाची सोडून कांहीं वर्षें भाकितच गुप्त ठेविलें. तें अधिकाऱ्यांनीं वाचावें, शेतकऱ्यानें वाचूं नये! आमच्या मतें एलियट यांच्या चुकीपेक्षां ही चूक अधिक मोठी होती. शास्त्रज्ञाचा अंदाज फसणें हा शास्त्राच्या बाल्याचा दोष आहे. अंदाज लपविणें हा राज्यकर्त्याच्या वृत्तीचा दोष आहे.

१९०४ मध्यें सूत्रें गिल्बर्ट वॉकर यांच्या हातीं आलीं. केंब्रिजचे हे गणिती हवामानशास्त्रांत नवखे होते. बूमरँग म्हणजे फेंकणाऱ्याकडे परत येणारें ऑस्ट्रेलियन शस्त्र. त्याच्या गतीचा अभ्यास हा त्यांचा जुना छंद. (मद्रासेच्या पोर्ट ट्रस्टांतील कारकून रामानुजन् याच्या वह्या पाहून त्याची शिफारस करणाऱ्यांत हेच वॉकर होते, एवढें सांगितलें म्हणजे त्यांची पारख कळेल.) ज्यास हवामानाविषयीं पूर्वग्रह नाहीं असा माणूस आंकड्यांस आंकडे म्हणूनच पाहतो. कोणत्या ठिकाणच्या वायुभाराचा आपल्या पावसाशीं किती संबंध, हें त्यांनीं हिंदी गणकांचा ताफा बसवून मोजून काढिलें. या खटाटोपांत त्यांस पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरील वायुभाराचा झोका सांपडला. एकीकडे तो चढला कीं दुसरीकडे उतरतो. १९२४ पर्यंत ते येथें होते आणि त्या झोक्यानें त्यांचें नांव जगांत राहिलें. आपल्या अनुमानास 'भाकीत' न म्हणतां 'पूर्वछाया' या अर्थाचा सौम्य शब्द वापरावा असा त्यांचा आग्रह असे. छाया दिसली म्हणजे वस्तु येईलच असें नाहीं, इतकें त्या एका शब्दांत आलें. आमच्या दृष्टीनें त्यांच्या सर्व समीकरणांपेक्षां ही नम्रता मोलाची आहे, कारण समीकरणें पुढें सैल पडलीं. ज्या संबंधांवर तीं रचलीं होतीं त्यांतले कांहीं संबंधच कालांतरानें पातळ झाले.

पुढील कथा महाराष्ट्राच्या जवळची आहे, पण थोडक्यांत सांगतों. १९२८ मध्यें खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. त्या इमारतीवरून पुण्यांतल्या एका चौकास 'सिमला ऑफिस' हें नांव अजून आहे. १९३२ मध्यें एल्. ए. रामदास यांनीं तेथें शेतीच्या हवामानाची शाखा उभारली, आणि १९४५ मध्यें शेतकऱ्यांसाठीं हवामानवृत्त रेडिओवरून देणें सुरू झालें. जें १८९९ नंतर शेतकऱ्यापासून दडविलें होतें तें त्याच्या कानीं घालण्यास जवळ जवळ अर्धशतक लागलें.

आतां हिवाळी वादळाचें भाकीत एवढें अवघड कां, हें पाहूं. मोसमी पाऊस हें मोठें प्रवाहाचें काम आहे. त्याची चाहूल दुरून लागते. हिवाळ्यांत मात्र वर पश्चिमेकडून थंड कोरडी हवा यावी, खालीं समुद्रावरून दमट वारा यावा, आणि दोघांची गांठ नेमकी एके ठिकाणीं पडावी, तर ढग चढतो आणि गारा होतात. गांठ थोडी सरकली कीं तालुका बदलतो. १९६१ मध्यें एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, आरंभींच्या आंकड्यांत दशांशाच्या चौथ्या स्थळीं फरक पडला तरी कांहीं काळानंतरचें हवामान पार निराळें येतें. म्हणून हल्लीं एकच गणित न करितां, आरंभ किंचित् किंचित् बदलून तेंच गणित अनेक वेळां करितात. पन्नासांपैकीं पंधरा उत्तरांत पाऊस आला तर शंभरांत तीस असा संभव सांगतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंत २०१८ पासून 'प्रत्युष' आणि २०२४ पासून 'अर्क' हे महासंगणक बसले ते अशाच कामासाठीं.

डिसेंबर २०१७ मधील 'ओखी' वादळ पुष्कळांस आठवत असेल. नोव्हेंबरअखेर तें कन्याकुमारीनजीक उद्भवलें आणि इतक्या वेगानें बळावलें कीं केरळ-तामिळनाडूचे कित्येक कोळी समुद्रांतच राहिले. इशारा उशिरां मिळाला अशी तक्रार तेथें झाली. पुढें तेंच उत्तरेस वळलें, सुरतेजवळ किनाऱ्यावर येईल असा अंदाज होता, ५ डिसेंबरला मुंबईच्या शाळा बंद ठेविल्या, आणि किनारा गांठण्यापूर्वींच त्याचें बळ सरलें. दक्षिणेंत इशारा अपुरा, पश्चिमेस अधिक, वादळ एकच. याच्या उलट २६ नोव्हेंबर २०२३. पाऊस येणार हें आधीं सांगितलेलें होतें. पण गारा कोणाच्या बागेवर पडतील हें सांगणें कोणाच्या हातीं नव्हतें, आणि निफाडच्या द्राक्षांवर त्या पडल्या. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपिटीनें लाखों हेक्टरांवरील पिकें झोडपलीं, तेव्हां तर जुन्या माणसांनींहि असें पाहिलें नव्हतें असेंच जिकडे तिकडे ऐकूं येत होतें.

हें 'पाहिलें नव्हतें' महत्त्वाचें आहे. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशांनीं वाढलें, असें भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. हवा एक अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते. अरबी समुद्रहि तापत आहे. पंचांगाचीं नक्षत्रें घ्या, आजोबांच्या आठवणी घ्या कीं वॉकरचीं कोष्टकें घ्या, सर्वांचा पाया एकच आहे: जसें मागें झालें तसें पुढें होईल. तो पायाच हळू हळू सरकत आहे. नेमलेला काळ स्थिर राहिला नाहीं तर 'अवकाळी' कशास म्हणावयाचें? नवें गणित मागच्या आठवणींवर अवलंबून नसून वायूच्या नियमांवर चालतें, म्हणून तें या अडचणींतून पुष्कळसें सुटतें. पण आपणां माणसांची अटकळ सुटत नाहीं.

आणि अशाच वेळीं लोकांस ठाम बोलणारा हवा असतो. महिनाभर आधीं तारीख आणि तालुका सांगणारे स्वयंभू हवामानपंडित आज गांवोगांव ऐकले जातात. त्यांचा दोष एलियट यांचाच आहे, मात्र एलियट यांच्या कष्टांवांचून. खात्याचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा त्यांच्यापुढें मिळमिळीत वाटतो, कारण तो संभव सांगतो, वचन देत नाहीं. येवल्याच्या कांदेवाल्यास ही भाषा समजत नाहीं असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. आज कांदा बाजारांत न्यावा कीं आठ दिवस थांबावें, हा निर्णय तो जन्मभर संभवावरच करीत आला आहे. शंभरांत तीस म्हटलें तर तो ताडपत्रीचें भाडें आणि कांद्याची किंमत मनांत मांडून पाहतो आणि बहुधा झांकतो. दहांपैकीं सात वेळां पाऊस येत नाहीं, शेजारी हसतात, आणि त्याचा हिशेब तरीहि बरोबर असतो. फक्त त्या सात वेळांचें भाडें कोणाच्या नांवें लिहावयाचें, याचें उत्तर पीकविम्याच्या कोणत्याहि कलमांत आम्हांस अद्याप आढळलें नाहीं.