पोचपावतीचं कूळ

रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो, असं एके काळी म्हणत. जिल्हा तेव्हा मोठा होता. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. घरटी एखादा तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत नाहीतर पेढीवर असायचा आणि गावाकडे ओटीवर बसून कुणीतरी पोस्टमनची वाट पाहायचं. टपाल खात्याने ही सेवा १८८० साली हाती घेतली. तिचा फॉर्म ज्याने भरला तो विसरणार नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि खुशाली लिहायला बोटभर जागा. पैसे हाती पडले की सही किंवा अंगठा घेतलेली पोचपावती उलट मुंबईला जायची.

परळच्या चाळीत राहणाऱ्या चाकरमान्याला राजापूरच्या टपाल कचेरीत आत काय चालतं, हिशेब कोण ठेवतं, थैली कोणत्या गाडीने येते, यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणत्या रकान्यात काय लिहायचं आणि उलट काय येणार, एवढं कळलं की पुरे.

आज ज्याला एपीआय म्हणतात, त्याचा स्वभाव नेमका हाच आहे. एका प्रणालीने दुसरीकडे मागणी कोणत्या नमुन्यात पाठवायची आणि उत्तर कोणत्या नमुन्यात मिळेल, याचा तो लेखी करार. मनीऑर्डरशी त्याचं रक्ताचं नातं नाही. त्याचा जन्म वेगळ्या घरातला.

ते घर केंब्रिजचं. तिथल्या एडसॅक संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी कामं प्रत्येकाला पुन्हा पुन्हा लागत. डेव्हिड व्हीलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा कामांचे तुकडे एकदाच लिहून, कागदी पट्ट्यांवर छिद्रांनी उतरवून, कपाटात ठेवले. ज्याला हवा त्याने तुकडा घ्यावा आणि आपल्या प्रोग्रामला जोडावा. पण तुकड्यासोबत आणखी एक गोष्ट लागायची: त्याला काय द्यायचं, तो काय परत करतो, याचं टिपण. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या १९५१च्या पुस्तकात ही टिपणं छापली गेली. या कुळाची वंशावळ लिहायची तर पहिलं नाव त्या टिपणाचं घालावं लागेल. तुकडा नुसता असता तर तो लिहिणाऱ्यापुरताच राहिला असता. टिपणामुळे तो परक्याच्या उपयोगी पडला.

नाव मिळायला मात्र आणखी सतरा वर्षं गेली. १९६८ साली आयरा कॉटन आणि फ्रँक ग्रेटोरेक्स यांनी दूरच्या संगणकावरून चित्रं काढण्याविषयी एक निबंध मांडला. चित्र दाखवणारं यंत्र उद्या बदललं तरी वरचा प्रोग्राम बदलावा लागू नये, ही त्यांची चिंता. त्यासाठी दोहोंच्या मध्ये जो ठरलेला थर ठेवला, त्याला त्यांनी ‘ॲप्लिकेशन प्रोग्राम इंटरफेस’ म्हटलं. त्याची तीन आद्याक्षरं आज सगळ्यांच्या तोंडी आहेत.

 हा करार वेबवर आला २००० साली. त्या फेब्रुवारीत सेल्सफोर्सने आपली सेवा बाहेरच्या प्रोग्रामांना खुली केली, नोव्हेंबरात ईबेने. त्याच वर्षी रॉय फील्डिंगने आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचना मांडली. पान मागवण्यासाठी ब्राउझर जी क्रियापदं वापरतो, त्याच क्रियापदांत दोन प्रणालींनी बोलावं, ही तिची गंमत. वेगळी भाषा शिकायला नको.

खरी मौज २००५ची. पॉल रेडमेकर नावाच्या प्रोग्रामरने भाड्याच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर टाचून दाखवल्या. नकाशाचा एपीआय तेव्हा बाहेर आलेलाच नव्हता. त्याने पानाची आतली रचना उकलून काम साधलं. गूगलने जूनअखेर एपीआय जाहीर केला आणि रेडमेकरला नोकरीवरही घेतलं. मागल्या दाराने येणाऱ्यासाठी पुढचं दार उघडल्याचं असं उदाहरण विरळाच.

इथवरची सगळी पात्रं प्रोग्रामर आहेत. सामान्य माणसाला या जोडणीत हात घालता यावा, हे स्वप्न याहू पाइप्सने फेब्रुवारी २००७मध्ये पडद्यावर आणलं. चौकोन ओढायचे आणि त्यांना रेषांनी जोडायचं. एका चौकोनातली माहिती दुसऱ्यात वाहत जाते. त्याच वर्षी जेफ लिंडसे याने ‘वेबहुक’ हा शब्द रुजवला. एपीआयला आपण विचारायला जातो. वेबहुकमध्ये घटना घडली की तीच निरोप घेऊन आपल्या दारी येते. आणि त्याच वर्षअखेर ओऑथचा पहिला मसुदा पक्का झाला. त्याआधी एका सेवेने दुसरीतली माहिती आणावी म्हणून लोक बिनदिक्कत आपला पासवर्ड देऊन टाकत. ओऑथने ते थांबवलं: राखणदाराला मांगराची किल्ली द्यायची, घराची नाही, आणि वाटेल तेव्हा ती परत घ्यायची.

पाइप्स २०१५ साली बंद पडलं, पण ओढा वळला होता. ‘हे झालं तर ते कर’ या एका वाक्यावर उभं राहिलेलं इफ्ट, २०११चं झॅपियर, बर्लिनमधून २०१९ साली आलेलं एनएटएन ही सगळी त्याच वंशातली. कोड फारसा न लिहिता जोडणी करण्याच्या या पद्धतीला ‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४मध्ये दिलं.

‘हे झालं तर’ या भागाला ही मंडळी ‘ट्रिगर’ म्हणतात. रत्नागिरीच्या बागायतदाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तो कधीच शिरला आहे: अवेळी पाऊस, ठरलेल्या मर्यादेपलीकडचं तापमान, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद, आणि मग ‘ट्रिगर लागला की नाही’ ही पारावरची चर्चा. नियम किती चोख, हे मोजणाऱ्या केंद्रावर ठरतं. केंद्र एकीकडे आणि बाग दूर कातळावर असली की काय होतं, ते आंबेवाल्याइतकं कुणालाच माहीत नाही.

या कुळाची मराठी मुलखातली थोरली शाखा मुंबईत आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी एकवीस बँकांच्या साथीने जाहीर झाली. फोनवरच्या चौकोनी चित्रामागे मुळात एपीआयच आहेत. पैसे देण्याच्या मागणीचं नाव ‘रेकपे’, उत्तराचं ‘रेस्पपे’. मनीऑर्डर आणि पोचपावती.

आता मार्चअखेरीस एखाद्या आंबा-बागायतदाराच्या घराकडे पाहावं. पहिली काढणी उतरली आहे, आढी घातली आहे, फोन थांबत नाही. किती डझन, कुठला पत्ता, पैसे आले का? वहीतल्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप यांचा मेळ रात्री अकरापर्यंत बसत नाही. लो-कोडचं काम नेमकं इथे आहे. गिऱ्हाइकाने गूगल फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ पडते. तो ट्रिगर. पुढचा चौकोन ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेकडून पैसे भरण्याचा दुवा मागवतो. पैसे जमा झाले की गेटवेचा वेबहुक येतो आणि त्या ओळीवर ‘जमा’ लागतं. मग व्हॉट्सॲपच्या एपीआयमार्फत गिऱ्हाइकाला निरोप. व्यवसायांसाठीचा हा एपीआय २०१८ साली आला, आणि व्यवसायाने आपणहून धाडायच्या निरोपाचा साचा त्यात आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

हे सगळं एका दुपारी जुळतं. अडतं ते बारकाव्यांत. उत्तर वेळेत मिळालं नाही तर गेटवे तोच वेबहुक पुन्हा पाठवतो. प्रत्येक निरोपाला एक पेटी असा नियम असेल, तर एका पैशात दोन पेट्या रवाना होतील. म्हणून आधी ऑर्डर क्रमांक पाहायचा आणि तो ‘जमा’ असेल तर थांबायचं. दुसरं, एपीआयची किल्ली. ती शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि शीट दहा जणांत फिरली, तर आपल्या नावावर दुसराच कुणी मागण्या पाठवू शकतो. तिसरं, पाइप्ससारखा मंच एका सकाळी बंद होऊ शकतो. गिऱ्हाइकांची यादी आपल्या हाती वेगळी ठेवलेली असेल, तर बागायतदाराचा हंगाम अडत नाही. तेवढे चौकोन दुसरीकडे पुन्हा जोडावे लागतात.

शेवटचा चौकोन कुरिअरचा. लेबल छापलं जातं, गाडी घाट चढते, आणि दोन दिवसांनी शीटमधला अखेरचा रकाना आपोआप भरतो: पोचलं, अमुक वाजता, घेणाऱ्याचं नाव. पत्ता परळचाच असतो पुष्कळदा. पेटी रत्नागिरीहून गेलेली, पैसे मुंबईहून आलेले, आणि पोचपावती यावेळी गावाकडे.