अमेरिकेतील शालेय समुपदेशकांचे प्रशिक्षण

अमेरिकेत शालेय समुपदेशकाच्या प्रशिक्षणाची सुरुवात शाळेत किंवा विद्यापीठात झाली नाही. तिचे मूळ बोस्टनच्या स्थलांतरितांच्या वस्तीत आहे. तेथे फ्रँक पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला. शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागणाऱ्या तरुणांना आधी स्वतःची कुवत ओळखायला लावायची, मग निरनिराळ्या धंद्यांची माहिती द्यायची आणि दोन्हींचा मेळ घालायला शिकवायचे, अशी त्यांची पद्धत होती. हे काम तयारीच्या माणसानेच करावे असा आग्रह असल्याने समुपदेशक घडवणाऱ्या वर्गाची योजनाही त्यांनी आखली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले.

बोस्टनच्या शाळांनी शंभरहून अधिक शिक्षकांवर हे काम सोपवले, तेव्हा त्यांना ते शिकवायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. पार्सन्स यांच्यानंतर ब्यूरो सांभाळणारे मायर ब्लूमफील्ड यांनी १९११ मध्ये हार्वर्डमध्ये या विषयाचा पहिला विद्यापीठीय वर्ग घेतला. तरीही पुढे बराच काळ समुपदेशक म्हणजे आपले तास सांभाळून मार्गदर्शन करणारा शिक्षकच राहिला. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी बुद्धिमापन चाचण्या सर्रास वापरल्या गेल्या आणि नंतर त्या शाळांत शिरल्या. साहजिकच चाचणी घेणे आणि तिचे गुण वाचणे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग झाला. मिनेसोटा विद्यापीठातील ई. जी. विल्यमसन यांनी याच पायावर तज्ज्ञाने विद्यार्थ्याला नेमका सल्ला देण्याची पद्धत उभी केली.

तिला पहिला जोरदार शह कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ च्या ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या पुस्तकाने दिला. सल्ला देण्यापेक्षा समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्यावर त्यांचा भर होता. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या सिद्धान्ताइतकेच त्यांचे ध्वनिमुद्रण महत्त्वाचे आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी मुलाखती मुद्रित केल्या आणि त्यांतील एक संपूर्ण प्रकरण शब्दशः पुस्तकात छापले. एरवी शिकाऊ उमेदवार आठवणीतून जेवढे सांगेल तेवढेच मार्गदर्शकाला कळत असे. आता मुलाला कोठे तोडले, कोठे घाईने उपाय सुचवला, हे प्रत्यक्ष ऐकता येऊ लागले. देखरेखीखालील प्रात्यक्षिकाला खरा अर्थ येथून आला.

विद्यापीठांत हे शिक्षण सर्वत्र पसरले ते मात्र शीतयुद्धाच्या रेट्याने. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिकी शाळा विज्ञानात मागे पडल्याची ओरड सुरू झाली. २ सप्टेंबर १९५८ रोजी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या पाचव्या प्रकरणाने राज्यांना चाचण्या व मार्गदर्शनासाठी पैसा दिला आणि समुपदेशक तयार करणाऱ्या वर्गांसाठी विद्यापीठांशी करार करण्याची सोय केली. सरकारी शाळांतून येणाऱ्यांना आठवड्याला ७५ डॉलर आणि घरातील प्रत्येक अवलंबितामागे आणखी १५ डॉलर विद्यावेतन मिळे. संसार असलेल्या शिक्षकांना शिकायला येता आले ते या रकमेमुळे. कायद्याचा हेतू अर्थात मर्यादित होता: हुशार मुले हेरायची आणि त्यांना महाविद्यालयापर्यंत पोचवायचे. पण विद्यापीठांत एकदा शिक्षक, अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाच्या खोल्या आल्यावर हे शिक्षण त्या हेतूपुरते राहिले नाही. गिल्बर्ट रेन यांनी १९६२ मध्ये ‘द काउन्सेलर इन अ चेंजिंग वर्ल्ड’ या अहवालात समुपदेशक केवळ हुशार किंवा अडचणीतल्या मुलांचा नसून सगळ्यांच्या वाढीचा सोबती आहे, असे मांडले. त्याच्या शिक्षणात मानसशास्त्राबरोबर समाजशास्त्रांनाही स्थान त्यांनी मागितले. ही भूमिका न्याय्य होती. १९६४ च्या दुरुस्तीने कायद्याची मदत प्राथमिक शाळांपर्यंत नेली.

प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा असल्याने समान निकषांची गरज भासू लागली. त्यासाठी १९८१ मध्ये ‘केक्रेप’ ही मान्यता देणारी संस्था स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एज्युकेशन ट्रस्ट’ या संस्थेने एक उणीव दाखवली. समुपदेशक एकेका मुलाशी बोलायला शिकत होते, पण शाळेची आकडेवारी वाचून गरीब आणि कृष्णवर्णीय मुले वरच्या अभ्यासक्रमांतून कशी गळतात, हे पाहायला शिकत नव्हते. हा आक्षेप खराच होता आणि त्यानंतर अनेक अभ्यासक्रम बदलले.

केक्रेपच्या निकषांनुसार आज किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक लागते. त्यातले ४० तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसोबतचे असतात. पुढे शाळेत ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. पूर्वी ४८ श्रेयांकांत पुरी होणारी पदव्युत्तर पदवी जुलै २०२३ पासून ६० श्रेयांकांची झाली. परवाना देण्याचा अधिकार मात्र राज्यांकडेच आहे. एके काळी बहुतेक राज्ये आधी काही वर्षे वर्गात शिकवल्याचा अनुभव मागत. आता बहुतेकांनी ती अट काढून टाकली आहे.