बेटाटाकिन व कीट सील : कड्यातील गावांचे वसणे आणि उठणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नावाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, त्सेगी नावाची दरी आहे. तिच्या तांबूस वालुकाश्माच्या कड्यांत निसर्गतःच प्रचंड कपारी निर्माण झाल्या असून त्यांपैकी दोन कपारींत बेटाटाकिन आणि कीट सील ही तेराव्या शतकातील गावे उभी आहेत. मराठी वाचकाला अशा वर्णनाने प्रथम लेण्यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक होय. परंतु हे साम्य फसवे आहे. लेण्यात कातळ खोदून वास्तू सिद्ध होते. येथे कपार आयती मिळालेली असून तिच्या आत दगड, माती आणि लाकूड यांची घरे रचलेली आहेत. यांपैकी लाकूड हेच या गावांच्या इतिहासाचे मुख्य साधन ठरले.

रिचर्ड वेदरिल कीट सील येथे १८९५ मध्ये पोहोचला. त्या काळच्या गोऱ्या प्रवाशांना या ओसाड घरांत एका ‘लुप्त वंशा’चे गूढ दिसले, आणि हे गूढ त्यांनी भांडीकुंडी उकरून नेण्याच्या आड येऊ दिले नाही. प्राचीन अवशेषांच्या रक्षणाचा कायदा १९०६ मध्ये झाला. त्याच्या आधारे अध्यक्ष टॅफ्ट यांनी २० मार्च १९०९ रोजी नावाहो राष्ट्रीय स्मारक घोषित केले. बायरन कमिंग्ज यांची तुकडी बेटाटाकिन येथे पोहोचली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे घोषणेनंतर! ज्यांच्या परिसरात ही कपार होती त्या नावाहो लोकांना ती ठाऊक होती. तेव्हा ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो.

गूढाचे निरसन झाले ते वृक्षवलयांच्या अभ्यासाने. कोरड्या प्रदेशात झाडाचे वलय पावसाच्या वर्षी रुंद आणि अवर्षणाच्या वर्षी अरुंद पडते. ए. ई. डग्लस यांनी अशा वलयांची मालिका जुळवत नेली. तथापि जिवंत झाडांपासून मागे नेलेली मालिका आणि अवशेषांतील तुळयांवरून बांधलेली प्राचीन मालिका यांच्यात खंड राहिला होता. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो सांधला गेला. तुळईचे सालीलगतचे अखेरचे वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले ते यामुळे नेमके सांगता येऊ लागले.

या पद्धतीने जेफ्री डीन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेटाटाकिनची वाढ जवळजवळ वर्षावर्षाने मांडली. इ. स. १२६७ मध्ये येथे तीन कुटुंबांच्या खोल्यांचे गट बांधले गेले व पुढील वर्षी चौथा. त्यानंतर १२६९ मध्ये आणि पुन्हा १२७२ मध्ये बरीच झाडे तोडली गेली. पण त्यांच्या तुळया त्या वर्षी कोणत्याच घराला लागलेल्या नाहीत. त्या आढळतात १२७५ व नंतरच्या निरनिराळ्या खोल्यांत विखुरलेल्या. याचा अर्थ उघड आहे. आधी आलेल्या चार कुटुंबांनी मागाहून येणाऱ्यांसाठी लाकूड तोडून रचून ठेवले होते. १२७५ मध्ये ही मंडळी एकदम आली आणि १२८६ पर्यंत गाव सुमारे सव्वाशे माणसांचे झाले. सहा वर्षे आधी लाकूड तोडणारे लोक उद्याची चिंता करणारे होते. आपल्यामागून कोण येणार आहे हेही त्यांना ठाऊक होते. लिखित दस्तऐवजांतूनही एखाद्या खेड्याच्या वसाहतीचा बेत इतक्या स्पष्टपणे क्वचितच हाती लागतो.

कीट सीलचा इतिहास निराळा आहे. तेथे कुटुंबे एकेक करून आली, गेली. जुन्या तुळया पुन्हा वापरल्या गेल्या, आणि दीडशेवर खोल्यांचे ते गाव बेताने न वसता वाढत गेले. दोन्हींचा शेवट मात्र एकाच सुमारास, इ. स. १३०० च्या आत झाला. १२७६ ते १२९९ हे दीर्घ अवर्षण आणि दरीच्या तळाशी खोल ओघळी पडून शेतजमिनीतील पाण्याची पातळी खाली जाणे, ही दोन कारणे अभ्यासक एकत्र विचारात घेतात. केवळ पाऊस थांबला म्हणून गाव उठले, ही मांडणी अपुरी आहे. पाऊस परतला तरी खचलेली शेते परतणार नव्हती.

ज्यांनी गावात येण्याचा इतका विचार केला, ते जाताना मात्र हतबुद्ध होऊन पळाले असे मानणे तर्काला धरून नाही. कीट सील येथील काही खोल्यांची दारे जाताना नीट बंद केलेली आढळली. होपी लोकांच्या परंपरेत तर गूढ मुळी नाहीच: बेटाटाकिनला ते तलास्तिमा आणि कीट सीलला कवेस्तिमा म्हणतात, आणि आपल्या कुळांच्या स्थलांतरातील हे मुक्काम मानतात. बेटाटाकिनच्या कातळावरील मोठ्या पांढऱ्या वर्तुळातील आकृती अग्निकुलाची खूण म्हणून ते ओळखतात. ‘अनासाझी’ हे नावाहो भाषेतून आलेले नाव वंशजांना रुचत नाही, आणि ‘लुप्त’ हे विशेषण तर वंशज हयात असता कसे टिकावे?

भेटीचा बेत आखणाऱ्याला हा इतिहास नियमांच्या रूपाने भेटतो. इन्स्क्रिप्शन हाउस ही स्मारकातील तिसरी वस्ती १९६८ पासून बंद आहे. बेटाटाकिनच्या कपारीत वाटाड्याशिवाय जाऊ न देण्याची पद्धत आहे. कीट सीलची वाट जाऊनयेऊन सतरा मैलांची, ओढ्यातून पुनःपुन्हा उतरणारी, आणि तिच्यासाठी दिवसाला वीस जणांनाच परवाने देण्याचा प्रघात पडला. हंगाम कोणता व परवाने चालू आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वी विचारणे इष्ट. आणखी एक बाब नवख्यांना हटकून फसवते: उन्हाळ्यात नावाहो प्रदेश आपली घड्याळे एक तास पुढे करतो, होपी गावे व उरलेले ॲरिझोना करीत नाहीत. सकाळी वाटाड्या निघण्याची वेळ सांगितली जाते ती नावाहो घड्याळाची.