परवान्याची चढाओढ

अमेरिकेत बंदुकांचा लिलाव ऑनलाइन चालतो. ईबेने १९९९ साली बंदुका विकणं बंद केलं आणि त्याच वर्षी खास बंदुकांसाठी गनब्रोकर सुरू झालं!

आपल्याकडे नुसती बोली लावून भागत नाही. १९५९च्या कायद्यानुसार आधी परवाना, मग बंदूक. २०१९मध्ये माणशी तीनवरून दोनच बंदुकांची मुभा राहिली.

म्हणून आमच्या बीडमध्ये चढाओढ लागली ती परवान्यासाठी. कमरेला पिस्तूल म्हणजे वजन! डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो गोळीने नव्हता, पण त्यानंतर जिल्ह्यातले परवाने तपासले गेले, अनेक रद्दही झाले.

परवाना जीव वाचवायला असतो. तो मिरवायला लागलं, की गावाने कुणाकडे बघायचं?