थीब्जचे पवित्र पथक

प्राचीन ग्रीसमधील थीब्ज नगरराज्याचे ३०० निवडक सैनिकांचे पायदळ. प्लूटार्कने नोंदवलेल्या परंपरेनुसार ते परस्परांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या जोड्यांचे होते. प्रियकराच्या डोळ्यांदेखत पाठ दाखवण्यापेक्षा माणूस मरण पत्करेल, हा त्यामागचा हिशेब. गॉर्गिडसने इ.स.पू. ३७८ च्या सुमारास ते उभारले. पेलॉपिडसच्या नेतृत्वाखाली इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत त्याने स्पार्टाची रग जिरवण्यास हातभार लावला.

अशा प्रेमाकडे सगळे ग्रीक एकाच नजरेने पाहत नसत. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मधील एक वक्ता सांगतो, की थीब्ज ज्या प्रदेशात होते त्या बिओशियात ते बिनदिक्कत मान्य होते, आयोनियात मात्र लाजिरवाणे.

इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनिया येथे मॅसिडोनियाच्या सैन्याने पथक कापून काढले. तेथील दगडी सिंहाजवळ एकोणिसाव्या शतकातील उत्खननात रांगांनी पुरलेले २५४ सांगाडे सापडले. ते बहुधा याच सैनिकांचे असावेत.